चलान गाडीवर आलं, गाडी कोण चालवत होतं? वाहनमालकाने पोलिसांना काय आणि कसं कळवायचं

चौकातल्या कॅमेऱ्याला नंबर प्लेट नीट वाचता येते, हेल्मेटच्या आतला चेहरा ओळखता येत नाही. त्यामुळे एमएच १५ ची ती गाडी ज्याच्या नावावर पेठ रोडच्या आरटीओत नोंदलेली आहे, त्याच्याच मोबाइलवर ई-चलानचा मेसेज येऊन पडतो. त्या वेळी गाडीवर तो स्वतः होता, मुलगी होती, मित्र होता की द्राक्षाचे क्रेट पोचवायला ठेवलेला ड्रायव्हर होता, हे मेसेजला माहीत नसतं. नाशिकमध्ये एक गाडी एकच माणूस वापरतो असं घर शोधावंच लागेल. सकाळी ती सातपूरला कामावर जाते, दुपारी कॉलेज रोडला क्लासला, आणि संध्याकाळी कुणीतरी "भाऊ, गाडी दे ना जरा, निमाणीपर्यंत जाऊन येतो" म्हणून घेऊन जातं.

बहुतेक मालक काय करतात? कुरकुरत पैसे भरतात आणि विषय संपवतात. पण विषय तिथे संपत नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार तडजोड शुल्क (म्हणजे चलानाची रक्कम) भरलं की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई थांबते, हे खरं. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली आहे : शुल्क भरून मिटवलेला गुन्हासुद्धा 'आधी केलेला गुन्हा' म्हणून धरला जातो. म्हणजे पुतण्याने तोडलेला सिग्नल तुम्ही स्वतःच्या नावावर मिटवलात, तर पुढच्या वेळी तुमच्या हातून तीच चूक झाल्यावर ती दुसरी ठरू शकते. शिवाय वेगमर्यादा, धोकादायक ड्रायव्हिंग, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट यांसारख्या गुन्ह्यांत पोलीस कलम २०६ खाली लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. तिथे पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि पुढच्या वेळी लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे. दंड भरल्याने ही कारवाई टळत नाही. ज्याचं पोट ड्रायव्हिंगवर आहे, त्याने दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणं फार महाग पडतं.

कायदा मालकाकडून नेमकं काय मागतो

कलम १३३ छोटं आहे, पण ते प्रत्येक मालकाला माहीत हवं. चालकावर या कायद्याखालच्या कोणत्याही गुन्ह्याचा आरोप असेल आणि राज्य सरकारने अधिकार दिलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारणा केली, तर मालकाने चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायची. किती माहिती? जी त्याच्याजवळ आहे ती, आणि वाजवी प्रयत्न केले तर जी मिळू शकते तीसुद्धा. हा दुसरा भाग लोक विसरतात. "मला काय माहीत कोण होतं, घरात चौघं चालवतात" एवढं म्हणून मालकाची सुटका होत नाही. चौघांना विचारलं का, त्या दिवशी कोण कुठे होतं ते पाहिलं का, हे प्रश्न पुढे येतातच.

माहिती न देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा कलम १८७ मध्ये आहे. त्या कलमाचं शीर्षक अपघातांविषयी आहे, म्हणून साध्या सिग्नलच्या चलानाशी त्याचा संबंध नाही असा समज होतो. पण कलमाच्या मजकुरात १३३ चा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तसंच केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाणूनबुजून माहिती दडवली किंवा खोटी दिली तर कलम १७९ आहेच : एक महिन्यापर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे पाचशे रुपयांच्या चलानापेक्षा गप्प बसणं जास्त जोखमीचं आहे.

आधी चलान खरं आहे का ते बघा

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. अशा फाइलमधून फोनचा ताबा घेऊन खाती रिकामी केली जातात. मेसेजमधल्या लिंकवर न जाता स्वतः ब्राउझरमध्ये महाट्रॅफिक ई-चलानचं सरकारी संकेतस्थळ उघडा आणि गाडीचा नंबर व चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलान खरं असेल तर तिथे दिसेल. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

चलान दिसलं की त्यातला फोटो मोठा करून बघा. गाडीचा रंग, मॉडेल, आरशांची ठेवण, डिकी, मागचं स्टिकर. तुमची गाडी पांढरी ॲक्टिव्हा आणि फोटोत काळी मोटरसायकल असेल, तर चालक शोधण्याचा प्रश्नच नाही. एक तर आकडा चुकीचा वाचला गेलाय, नाही तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. दुसरी शक्यता गंभीर आहे. त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील. तुमच्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, आरसी आणि त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडून चलानावर तक्रार करा, आणि बनावट नंबरबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

फोटोवरची तारीख, वेळ, ठिकाण आणि लावलेलं कलम कागदावर उतरवून घ्या. कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-ए हा नियम आला. नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, वेगाचं चलान असेल तर यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेली तरतूद हे सगळं नोटिशीत असावं लागतं, आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी लागते. हवा प्रदूषणामुळे ज्या शहरांना अशी यंत्रणा बसवायला सांगितली गेली, त्या यादीत नाशिक आहे.

गुन्हा चालकाचा की मालकाचा?

हे ठरवल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नका. सिग्नल, वेग, उलट दिशा, मोबाइल, हेल्मेट, सीटबेल्ट या गोष्टी स्टिअरिंगवर किंवा हँडलवर बसलेल्याच्या. विमा संपलेला, नोंदणी संपलेली, नंबर प्लेट नियमाबाहेरची, यांत "मी चालवत नव्हतो" हे मालकाचं उत्तर होऊ शकत नाही. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवणं त्याचंच काम. ओव्हरलोडमध्ये दोघंही अडकतात : चालक मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं, असं कलम ११३ सांगतं. पिंपळगावच्या बाजारात कांदा नेणाऱ्या पिकअपच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

लायसन्स नसलेल्याला गाडी दिली असेल तर चालकाचं नाव सांगितल्याने तुम्ही सुटत नाही, उलट तुमचा वेगळा गुन्हा समोर येतो. कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तरीही नाव लपवू नका, कारण लपवलं तर एकाचे दोन गुन्हे होतात.

कोण चालवत होतं ते शोधणं

'वाजवी प्रयत्न' म्हणजे काय, हे इथे कळतं. चलान दिसल्याच्या दिवशीच कामाला लागा, कारण पुरावा झपाट्याने पुसला जातो. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत नव्या रेकॉर्डिंगखाली जातं. चेअरमनना लगेच भेटून तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर घ्या.

चारचाकी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. घोटी किंवा पिंपळगावच्या टोलची वेळ बघितली की गाडी कुठून कुठे चालली होती हे बसतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर गाड्यांची नोंद असते, कामगाराला हजेरी असते, विद्यार्थ्याला कॉलेजची किंवा क्लासची हजेरी. तुम्ही त्या वेळी ड्युटीवर होता हे दाखवणारा हजेरीचा उतारा, चालक तुम्ही नव्हता एवढं तरी नक्की सांगतो. व्हॉट्सॲपवरचं "गाडी घेऊन चाललो" किंवा "किल्ली काकूंकडे ठेवलीय" हेही उपयोगी असतं. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ मेसेज पुसू नका. वाद न्यायालयात गेला तर मूळ मेसेज ज्यात आहे तो फोनच महत्त्वाचा ठरतो.

मग त्या माणसाशी बोला. रागाने नको. "चलान तुझ्या वेळचं आहे, फोटो बघ" म्हणून फोटो दाखवा. बहुतेक वेळा समोरचा कबूल करतो आणि दंड भरायला तयार होतो. तो भरायला तयार असला तरी त्याच्याकडून एक साधा कागद लिहून घ्या : अमुक तारखेला, अमुक वेळी गाडी मी चालवत होतो, माझा लायसन्स नंबर हा, खाली सही. त्यावर लायसन्सची झेरॉक्स जोडा. नात्यात असा कागद मागायला जीव कचरतो, हे मला माहीत आहे. पण उद्या दोघांपैकी कुणाचं लायसन्स अडचणीत आलं, तर हाच कागद नातं वाचवतो.

उत्तर कुणाला आणि कसं द्यायचं

चलान कुणी केलं ते आधी वाचा. ऑनलाइन यंत्रणा महाराष्ट्रभर एक असली, तरी चलान करणारं पथक वेगळं असतं : नाशिक शहर वाहतूक शाखा, नाशिक ग्रामीण पोलीस, महामार्ग पोलीस, किंवा तुम्ही ठाण्याला गेला असाल तर तिथली शाखा. उत्तर ज्याने चलान केलं त्यालाच जातं. संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. तिथे माहिती टाकाच, पण कागदी अर्जही द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाहेरगावचं पथक असेल तर नोंदणीकृत पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. फोनवर "मी पोलीस बोलतोय, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स पाठवा" असं कुणी म्हटलं तर नाव, हुद्दा आणि शाखा विचारा व उत्तर कार्यालयात लेखी देतो असं सांगा.

अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल :

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
शहर वाहतूक शाखा, नाशिक.

विषय : वाहन क्र. एमएच १५ ………, चलान क्र. ………, मोटार वाहन अधिनियम, १९८८ कलम १३३ नुसार माहिती.

महोदय,
वरील वाहन माझ्या नावे नोंदलेले आहे. दि. ……… रोजी ……… वाजता ……… येथे झालेल्या चलानाबाबत कळवतो की त्या वेळी वाहन मी चालवत नव्हतो. वाहन मी दि. ……… रोजी ……… वाजता श्री./श्रीमती ………, राहणार ………, लायसन्स क्र. ……… यांच्या ताब्यात दिले होते व ते ……… वाजता परत मिळाले. त्यांचे लेखी निवेदन व लायसन्सची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या हजेरीचा उतारा जोडला आहे. वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. पुढील कारवाई प्रत्यक्ष चालकाच्या नावे व्हावी, ही विनंती.

यात "ताब्यात दिले होते" असं लिहिलंय, "चालवत होते" असं नाही, आणि ते मुद्दाम. तुम्ही गाडी मित्राच्या हातात दिलीत हे तुम्ही पाहिलंत. द्वारका चौकात हँडलवर तोच होता की त्याने आणखी कुणाला दिली होती, हे तुम्ही पाहिलेलं नाही. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच स्वतःच्या सहीखाली लिहावं.

प्रयत्न करूनही कळलं नाही तर? मग अर्जात तेच लिहा, पण तपशिलाने : घरात गाडी वापरणारे कोण कोण, प्रत्येकाला केव्हा विचारलं, काय उत्तर मिळालं, सीसीटीव्ही मागितलं तेव्हा काय झालं. कोऱ्या "माहीत नाही" पेक्षा हे उत्तर कायद्याच्या भाषेला धरून आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. "बाबा आता गाडी चालवत नाहीत, त्यांच्या नावावर टाका, त्यांचं लायसन्स गेलं तरी काय बिघडतं" हा सल्ला मी घराघरांत ऐकतो आणि तो ऐकून वाईट वाटतं. ही निव्वळ खोटी माहिती आहे. कलम १७९ लागतंच, शिवाय लोकसेवकाला खोटी माहिती देण्याबद्दल भारतीय न्याय संहितेची २१२ आणि २१७ ही कलमंही दार ठोठावू शकतात. आणि सत्तरीतल्या वडिलांना त्यांनी न केलेल्या गुन्ह्यासाठी पोलिसांसमोर उभं करणं बरोबर नाही.

अपघातात कुणी दगावलं किंवा जबर जखमी झालं असेल, आणि चालक तुम्ही स्वतःच असाल, तर वरचा नमुना अर्ज वापरू नका. आधी वकिलांना भेटा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे.

मुलगा अठराच्या आतला असेल तर

क्लास सुटायच्या वेळी गंगापूर रोडला उभं राहून बघा, दहावी-अकरावीची किती मुलं गिअरच्या नाही तर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर निघतात. सोळा वर्षांनंतर ५० सीसीपर्यंतच्याच मोटरसायकलला परवानगी आहे, आणि घरात असलेली स्कूटर त्यात बसत नाही.

२०१९ पासून लागू झालेलं कलम १९९-ए पालकांनी एकदा शांतपणे वाचावं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. गाडी तुमच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. माझ्या नकळत नेली किंवा मी सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं ओझं पालकावर असतं. किल्ली टीव्हीच्या शेजारी खिळ्याला टांगलेली असेल तर ते सिद्ध कसं करणार? इथे नाव बदलून मोठ्या भावाचं सांगण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि फोटोत गणवेश दिसत असतो.

गाडी विकली, पण चलान तुमच्याकडेच येतंय

कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. व्यवहार झाला, पैसे मिळाले, सही केलेला कोरा फॉर्म दिला, तरी आरसीवर नाव तुमचंच असेल तर जबाबदारी तुमच्याकडेच राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईबाबत हेच सांगितलं. तिथे गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी नोंदणीकृत मालकावरच जबाबदारी आली.

म्हणून विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ आरटीओत द्यायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३०. घेणाऱ्यावर विसंबू नका. फॉर्म २९ ची पोच, विक्रीचा करार, त्याच्या आधारची आणि लायसन्सची प्रत, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ हे सगळं घरी ठेवा. चलान आलंच तर कलम १३३ च्या उत्तराला हेच जोडायचं. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर असेल, तर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने नाव बदलायचं असतं. तोवर गाडी चालवणारा तुमच्यापैकी कोण, हे घरात ठरवून घ्या. राहण्याचा पत्ता बदलला असेल तर तोही ३० दिवसांत कळवायचा असतो, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर चालू मोबाइल नंबर टाकून ठेवा, नाहीतर चलान झाल्याचंच कळणार नाही.

ड्रायव्हर ठेवणाऱ्यांसाठी

दोन-तीन पिकअप, टुरिस्ट गाड्या किंवा कंपनीच्या गाड्या असतील तर एक वही पुरते : तारीख, गाडी, चालकाचं नाव, किल्ली घेतल्याची वेळ, परत दिल्याची वेळ, किलोमीटर, सही. ठेवतानाच लायसन्स मूळ बघा आणि त्याची मुदत लिहून ठेवा. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर कलम १९९ प्रमाणे कारभार पाहणारी व्यक्ती जबाबदार धरली जाते. तेव्हा 'एचआर बघेल' असं न म्हणता उत्तर द्यायचं काम एका नेमक्या माणसाकडे लेखी सोपवा.

पगारातून चलान कापण्याआधी मात्र फोटो ड्रायव्हरला दाखवा आणि त्याचं म्हणणं ऐका. त्र्यंबकेश्वरची फेरी अमुक वेळेत झालीच पाहिजे असा धाक मालकाने घातला आणि वेगाचं चलान आलं, तर ते सगळं ड्रायव्हरच्या माथी मारणं अन्याय आहे. कामावर ठेवलेल्या माणसाला वेग मोडायला लावणाऱ्यालाही कलम १८३ खाली शिक्षा आहे.

न्यायालय आणि लोकअदालत

चलान भरलं नाही किंवा त्याला हरकत घेतली तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं. नोटिशीवर किंवा समन्सवर जी तारीख असेल ती चुकवू नका. वेग आणि धोकादायक ड्रायव्हिंगच्या खटल्यांत कलम २०९ तपासून घ्या : जागेवर ताकीद, १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स, यांपैकी काहीही झालं नसेल तर शिक्षा होऊ शकत नाही, काही अपवाद सोडले तर. त्यातला एक अपवाद आरोपीच्याच वागण्यामुळे उशीर झाल्याचा आहे. चुकीचा पत्ता तसाच ठेवणाऱ्याला तो महागात पडू शकतो.

राष्ट्रीय लोकअदालतीत चलानं मिटवता येतात, आणि सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात त्या दिवशी गर्दी असते. ज्यांची चूक खरोखर त्यांची आहे त्यांना हा मार्ग सोयीचा. पण "मी चालवतच नव्हतो" हा तुमचा मुद्दा असेल तर तिथे जाऊन तडजोड करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि तडजोड तुमच्याच नावावर बसते. त्याऐवजी कलम १३३ चं उत्तर आणि त्याची पोच घेऊन न्यायालयापुढे हरकत नोंदवा. वकील परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना चलानाची प्रिंट, आरसी, अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि पुराव्याचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या.